राखणीचा बंब

१

"पोरीच्या झोपेसाठी घर गप्प करू नकोस," सासूबाई जाताना म्हणाल्या होत्या. "तुम्ही राहता अग्निशमन केंद्राच्या डोक्यावर. खाली घंटा वाजणारच. तिला घंटेत झोपायची सवय लाव, घंटेला झोपायची नको लावूस."

मी 'हो हो' म्हणाले आणि त्या जिना उतरल्याबरोबर दाराच्या फटीत चिंधी कोंबली. बाळाच्या झोपेवरची तीन पुस्तकं मी वाचली होती. सासूबाईंनी चार पोरं वाढवली असली तरी त्यांनी एकही पुस्तक वाचलं नव्हतं, असा माझा त्या वेळचा हिशेब होता.

आमचं क्वार्टर बाजार केंद्राच्या वर. नवरा शिडीच्या गाडीवर. मुलगी अकरा महिन्यांची, घरातलं नाव ठमी. मी तिची एक वही ठेवते: कधी प्यायली, कधी झोपली, कधी उठली आणि कशामुळे उठली. नवरा त्या वहीला 'ठाण्याची डायरी' म्हणतो. चेष्टा खुशाल करा, पण ही सगळी गोष्ट शेवटी त्या वहीमुळेच उलगडली.

त्या दुपारी एक चाळीसला घंटा झाली. आमची घंटा जिन्याच्या तळाशी, परातीएवढी, पितळेची. ती वाजली की घरातली भांडीसुद्धा कुजबुजतात. दोन बंब आणि शिडीची गाडी मिनिटाच्या आत बाहेर. नदीपलीकडच्या सहा मजली कापडाच्या इमारतीला आग लागली होती. समोरच्या खिडकीतून मला धुराचा खांब दिसत होता, काळा आणि इतका जाड, की तो धूर नसून कुणीतरी तिथे आत्ताच उभारलेली वास्तू वाटावी. त्या खांबाच्या पायथ्याशी माझा नवरा होता.

दोन दहाला ठमी झोपली. दोन पस्तीसला खाली एक बंब शिरला. टेकडी केंद्राचा. आमचं केंद्र रिकामं झालं म्हणून राखणीला आलेला. मोठ्या आगीकडे जवळचे बंब गेले की लांबच्या केंद्राचा एक बंब रिकाम्या जागी येऊन उभा राहतो, म्हणजे त्या भागात दुसरं काही पेटलं तर धावायला कुणीतरी असावं. त्या बंबावर प्रमुख होता माझा सख्खा दादा. त्याने वर बघून हात हलवला. मी ओठांवर बोट ठेवलं आणि झोपल्याची खूण केली. त्याने कान पकडले, आपल्या चौघांना इशारा केला, आणि ती धिप्पाड माणसं चोरासारखी चवड्यांवर चालत शेडबाहेरच्या झाडाखाली जाऊन बसली. मला हसू आलं.

तीन बेचाळीसला सायरन वाजला. ठमी दचकून उठली. मी तिला उचलून खिडकीत आले. आमच्या दारावरून एक बंब सुसाट गेला आणि कोपऱ्यावरून मागच्या गल्लीत वळला. त्याच्या दारावर कालव्याकाठच्या केंद्राचं चिन्ह होतं.

कालवा इथून चार कोसांवर. मागची गल्ली आमच्या शेडपासून चालत दोन मिनिटांवर. आणि दादाचा बंब तिथेच, पाण्याने भरलेला, उभा होता. दादा झाडाखालून उठून त्या गेलेल्या बंबाकडे बघत राहिला होता.

मी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. ठमीसाठीच ती दुपारभर बंद असायची. मागच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून, हिरव्या पडद्याच्या खिडकीतून, धूर येत होता.

२

हिरवा पडदा मास्तरीणबाईंचा. निवृत्त शिक्षिका, एकट्याच. रोज सकाळी त्या गॅलरीतून ठमीला हात करायच्या आणि ठमी मूठ उघडझाप करायची. एवढीच आमची ओळख, पण रोजची.

इस्त्रीच्या वायरने पेट घेतला होता. शेजारच्याने तीन एकवीसला वर्दी दिली होती. बंब पोचला तीन बेचाळीसला. एकवीस मिनिटं त्या धुरात होत्या. जीव वाचला, पण त्या रुग्णालयात नळ्यांमध्ये होत्या आणि शुद्ध नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादा निलंबित झाला. आरोप असा, की वर्दी आली, घंटा झाली आणि राखणीचा बंब हलला नाही. गल्लीतले लोक तर सरळ म्हणत होते, "झोपले होते झाडाखाली."

चौकशीला ज्या अधिकारी बाई आल्या त्यांना खात्यात 'पेन्सिलबाई' म्हणत. बारीक अंगाच्या, आवाज त्याहून बारीक. प्रश्न विचारायच्या आधी पेन्सिलीला टोक काढायच्या. तेवढ्या वेळात समोरच्याला घाम फुटायचा.

"तुमची खिडकी शेडवर उघडते. ते झोपले होते?"

"नाही. झाडाखाली बसले होते. बोलतसुद्धा हळू होते."

"हळू का?"

मी म्हणाले, "मुलगी झोपली होती."

त्यांनी ते लिहून घेतलं. "बहीण आहात, म्हणून तुमच्या शब्दाला निम्मं वजन. शुक्रवारी पाच वाजता माझा अहवाल जातो. दुसरं काही सापडलं नाही, तर तुमच्या भावाची नोकरी जाईल. आणि नोकरी गेली हे त्यातल्या त्यात बरं. माणसं त्याला काय म्हणतील ते माझ्या हातात नाही."

तो मंगळवार होता.

संध्याकाळी मी ठमीला घेऊन दादाकडे गेले. तो ओट्याशी उभा राहून एकच कप पुन्हा पुन्हा विसळत होता.

"दादा, खरं सांग. डोळा लागला होता का रे? लागला असला तरी मी तुझी बहीणच आहे."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही, तर तुझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगू?"

"तिच्या डोक्यावर नको."

"बघ, आहेस तशीच भित्री." तो पहिल्यांदा हसला. मग खाली बसला. "घंटा वाजली नाही गं. अठरा वर्षं झाली नोकरीला. लग्नाच्या पंगतीत, न्हाणीत, कुठेही असलो तरी घंटा झाली की पाय आधी उठतात, मी नंतर. त्या दिवशी पाय उठले नाहीत."

"मग कंट्रोल रूमकडून येणारी घंटेची लाईन बंद असेल."

"तोच तर घोळ आहे. कालव्याचा बंब गेलेला बघितला आणि मी धावत वॉचरूममध्ये, फोनच्या खोलीत, शिरलो. म्हटलं लाईन मेली असणार. पण भिंतीवरचा लाईनचा दिवा लागलेला होता. लाल, स्वच्छ. लाईन जिवंत! कंट्रोलला फोन केला तर ती ऑपरेटर किंचाळली, 'तुम्ही अजून तिथेच?' मग आम्हीही गल्लीत पळालो."

"हे पेन्सिलबाईंना सांगितलंस?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, लाईन चालू होती हे तुम्हीच कबूल करताय." त्याने कप पालथा घातला. "खरं बोललो आणि त्यातच अडकलो."

३

म्हणजे खोटं बोलत होती ती ऑपरेटर. मला ते सोयीचंही होतं. तिला मी ओळखत नव्हते.

बुधवारी ठमीला शेजारणीकडे ठेवून मी कंट्रोल रूममध्ये गेले. बाबा फायरमन होते, दादा, नवरा. तिघांच्या तोंडून ऐकलेली ती खोली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

अर्ध्या अंधारात एक भिंतभर नकाशा. आख्खं शहर, माझी खिडकी ज्याचा एक ठिपकाही नाही असं. त्यावर प्रत्येक बंबाचा एक छोटा दिवा. ऑपरेटर माझ्याच वयाची निघाली. डोळे सुजलेले.

"तुमचा भाऊ ना तो?" ती म्हणाली. "मला शिव्या द्यायला आल्या असाल तर रांगेत उभ्या राहा. पहिला नंबर माझाच आहे."

माझ्या तोंडात आलेलं सगळं गिळावं लागलं. "मला फक्त बघायचंय, त्या दिवशी काय झालं."

तिने नोंदी काढल्या आणि ती दुपार माझ्यासमोर नकाशावर पुन्हा चालवली. एक चाळीस: बाजार केंद्राचे तीन दिवे नदीपलीकडे सरकले. एक पन्नास: अजून दोन केंद्रं रिकामी झाली. मला वाटलं होतं, आग म्हणजे सगळे बंब तिकडे धावणार. पण इथे काहीतरी वेगळंच चाललं होतं. जितके दिवे आगीकडे जात होते तितकेच शहराच्या कडेचे दिवे एकेक घर आत सरकत होते. टेकडीचा बाजारात. कारखान्याजवळचा टेकडीच्या वाटेवर. वेशीवरचा कारखान्याजवळ. कुणी कुणाला हाका मारत नव्हतं. तिच्या एका बोटाने पंधरा वीस बंब जागा बदलत होते, आणि ज्यांच्यासाठी ते हलत होते त्यांना काही पत्ता नव्हता. ते आंघोळ करत असतील, भाज्या चिरत असतील.

थंडीत ठमीचं पांघरूण आखूड पडतं तेव्हा मी हेच करते. पाय झाकले की खांदा उघडा पडतो, म्हणून इकडून थोडं, तिकडून थोडं ओढते. एवढ्या मोठ्या शहरावरचं पांघरूण अशीच एक बाई खुर्चीत बसून सारखं करत होती. दोन पस्तीसला बाजार केंद्रावर दादाचा दिवा येऊन थांबला तेव्हा डोळेच भरून आले.

"तीन एकवीस," ती म्हणाली. "मागच्या गल्लीतून वर्दी. मी तुमच्या भावाच्या बंबासाठी बाजार केंद्राची घंटा दाबली. घंटेची तार, म्हणजे तिचा इशारा, तिथपर्यंत पोचली की इथे हिरवं लागतं. लागलं. हा बघा कागद, यंत्राने छापलेला. 'तीन एकवीस, पोचली.' म्हटलं, झालं, दीड मिनिटात पोचतील. वायरलेसवर नदीकाठच्या आगीचा नुसता गोंधळ, एकावर एक आवाज. तीन तीसला तोच माणूस पुन्हा फोनवर, 'अहो, कुणी आलंच नाही.' मी लगेच कालव्याचा बंब सोडला."

"मधली नऊ मिनिटं?"

तिने नकाशाकडे बघितलं. "हिरवं होतं ना. हिरव्याला कोण विचारतं?"

कागद खरा होता. यंत्राला भाऊ नसतो, बहीण नसते. घंटेची तार पोचली होती. आणि दादाचे पाय उठले नव्हते. दोघंही खरं बोलत होते, आणि दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं.

४

गुरुवारी दुपारी ठमी झोपली आणि मी वही काढली. दुसरं होतं काय माझ्याकडे?

त्या दिवसाचं पान. 'दोन दहा, झोपली. दोन पस्तीस, दादा आला (!). तीन बेचाळीस, उठली. कारण: सायरन.'

मी तिथेच अडखळले. सायरन रस्त्यावरचा, लांबचा. त्याने ठमी उठली. घंटा घराच्या पोटात, जिन्याखाली. ती तीन एकवीसला वाजली असती, तर ठमी तीन एकवीसलाच उठायला हवी होती. ती नुसती उठत नाही, छताला लागते. म्हणजे दादा खरा. घंटा वाजली नव्हती.

मी जवळजवळ नाचले. पण सवय वाईट. मी मागची पानं उलटली.

पहिले आठ महिने दुपारच्या झोपेपुढे जिकडे तिकडे 'कारण: घंटा'. या घंटेबद्दल मी कुणाजवळ रडले नव्हते? नवऱ्याजवळ, दूधवाल्याजवळ, खाली वॉचरूममध्ये बसणाऱ्या घंटाकाकांजवळ. मग तीन महिन्यांपूर्वीच्या एका सोमवारपासून 'घंटा' हा शब्द दुपारच्या रकान्यातून गायब. दोन ते चार, रोज, गाढ झोप. त्याच आठवड्यात मी पुस्तकातली अंधार करून झोपवण्याची युक्ती सुरू केली होती. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'जमलं!!'

मी नवऱ्याची वर्द्यांच्या नोंदींची डायरी घेतली. त्याच तीन महिन्यांत, दुपारी दोन ते चारमध्ये, आमच्या केंद्राला अकरा वर्द्या आल्या होत्या. अकराही वेळा बंब मिनिटाच्या आत बाहेर.

अकरा वेळा घंटा झाली असणार आणि अकरा वेळा माझी मुलगी झोपून राहिली. जी सायरनने उठते ती.

म्हणजे फक्त त्या दिवशी नाही. दुपारी दोन ते चार आमची घंटा रोजच वाजत नव्हती. आणि तरी आमची माणसं वेळेवर निघत होती. त्यांना कळत कसं होतं?

मला वॉचरूम आठवली. नवऱ्याला डबा द्यायला मी शंभरदा तिथे गेले असेन. टेबल, फोन, रजिस्टर, भिंतीवर लाल दिवा. आणि तो दिवा मी नेहमी विझलेलाच बघितला होता.

दादाला फोन लावला. "दादा, तुमच्या टेकडी केंद्रावर तो लाल दिवा कधी लागतो?"

"कधी म्हणजे? कायम. लाईन जिवंत आहे हे कळायला. विझला तर तक्रार करायची. का गं?"

मी फोन ठेवला. आमच्याकडे तो दिवा फक्त वर्दी आली की लागतो.

५

संध्याकाळी नवरा आला. नदीपलीकडच्या आगीनंतर तीन दिवस त्याचा आवाज बसलेला होता. मी त्याच्यासमोर दोन्ही वह्या ठेवल्या.

"दुपारी घंटा वाजत नाही. तुम्ही दिव्यावर निघता. तुला माहीत होतं?"

त्याने बराच वेळ ठमीच्या मोज्याचा धागा ओढला. "सगळ्यांना माहीत होतं," तो म्हणाला. "तुला सोडून."

"आणि दादा निलंबित झाल्यावरही बोलला नाहीस?"

"मला वाटलं, त्या दिवशी बांधली नसणार. केंद्र रिकामं होतं. मी विचारलंही. काका म्हणाले, नाही बांधली."

"बांधली? काय बांधली?"

उत्तराची वाट न बघता मी जिना उतरले. दोन ते चार मी कधी दाराची कडीसुद्धा काढत नसे, म्हणून मला कधी दिसलं नव्हतं. घंटा चकचकीत होती. घंटेवर आपटणाऱ्या ठोक्याच्या मागे मी बोट घातलं. तिथल्या स्क्रूला एक धागा अडकलेला होता. पिवळा.

तो पिवळा मला ओळखीचा होता. बदकांचं दुपटं. ठमी जन्मली तेव्हा मीच शिवलेलं. तीन महिन्यांपूर्वी घंटाकाका दारात येऊन म्हणाले होते, "जुनं दुपटं असलं तर दे गं पोरी, पितळ पुसायला मऊ लागतं."

घंटाकाका वॉचरूममध्ये एकटे बसले होते. निवृत्तीला सहा महिने राहिलेला माणूस. रोज संध्याकाळी ते वर येऊन ठमीच्या हातात आपली शिटी देत आणि ती ती शिटी तोंडात घालून लाळेने भरून परत करी. गेले तीन दिवस ते आले नव्हते. मला वाटलं होतं, दमले असतील. एवढी चौकस मी, आणि हा सगळ्यांत ढळढळीत पुरावा माझ्या दारात न येऊन रोज उभा होता.

मी धागा टेबलावर ठेवला.

त्यांनी तो बघितला. खण उघडला. आत दुपटं होतं, स्वच्छ घडी घातलेलं. मधोमध ठोक्याने पाडलेला काळा गोल.

"दोन वाजले की बांधायचो, चारला सोडायचो," काका म्हणाले. "तेवढा वेळ मी दिव्यासमोरून हलायचो नाही. लघवीलासुद्धा. वर्दी आली की मीच शेडमध्ये जाऊन सांगायचो, पोरं निघायची, सायरन लांब गेल्यावर लावायची. एकदाही चुकलं नाही. तू म्हणाली होतीस ना, दोन तास ही घंटा हळू नाही का वाजत काका? रडत होतीस तेव्हा. रात्रीची झोप नाही, दिवसाची नाही. आमचं पहिलं पोर झालं तेव्हा माझी बायकोही अशीच... जाऊ दे ते."

"त्या दिवशीही बांधलीत."

"गाड्या गेल्या, मी एकटा. दोन वाजले, हात आपोआप गेला. मी बसलोय की दिव्यासमोर! वीस मिनिटांनी वायरलेसवर हुकूम, आग विझवायच्या फेसाच्या डब्यांची गाडी घेऊन लगेच निघा. दुसरा ड्रायव्हर नाही. निघालो. डबे उतरवताना आठवलं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "वायरलेसवर सांगणार होतो. बटण दाबलंसुद्धा. पण आख्ख्या शहराच्या कानात काय सांगू? घंटेला बाळाचं दुपटं बांधलंय? म्हटलं, तासाभरात परत जातोच. सव्वाचारला आलो तर दिवा लागलेला."

"आणि तुम्ही तो विझवलात. दुपटं काढलंत."

"हो."

"माझा दादा जातोय, काका."

"ठाऊक आहे." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "मी बोललो असतो तर विचारलं असतं, कुणासाठी बांधलीस. तुझं नाव आलं असतं. पोरीचं नाव आलं असतं. मी तिचं नाव कसं घेऊ?"

घड्याळात सहा वाजले होते. अहवाल जायला एक दिवस उरला होता. वर ठमी शिटीसाठी रडत होती.

६

शुक्रवारी साडेतीनला पेन्सिलबाईंच्या टेबलासमोर मी, दादा, ऑपरेटर आणि माझ्यामागे नवरा असे उभे होतो. काका दाराशी. मी वही उघडली.

"ऑपरेटर खरं सांगते आहे," मी म्हणाले. "तार पोचली. पुरावा तिच्या कागदापेक्षा मोठा माझ्या भावाचा आहे, आणि तो त्याला स्वतःलाच कळला नाही. त्याने वॉचरूममध्ये दिवा लागलेला बघितला. त्याच्या केंद्रावर त्याचा अर्थ 'सगळं ठीक'. आमच्या केंद्रावर अर्थ 'धावा'. तो वर्दीकडे डोळे लावून बघत होता आणि त्याला ती वर्दी दिसली नाही."

दादाने कपाळावर हात मारला.

"भाऊही खरं सांगतो. घंटा ऐकू आली नाही. ही माझ्या मुलीची वही. जी सायरनने उठली ती घंटेने उठली नाही. त्या दिवशीच नाही, तीन महिन्यांत एकाही दुपारी नाही. कारण घंटेला हे बांधलेलं असायचं." मी दुपटं टेबलावर पसरलं. बदकं वर आली. "शेडमध्ये बसले असते तर निदान ठकठक ऐकली असती. पण मी खिडकीतून त्यांना गप्प राहायची खूण केली, म्हणून ते लांब झाडाखाली गेले. दुपटं माझं. मागणी माझी. खूण माझी. हे पहिलं लिहा, बाकीचं नंतर."

"हात माझा," दाराशी काका म्हणाले. "दिवा मी विझवला. चार दिवस गप्प मी बसलो. ती बाई आहे, तिला सोडा. मला लिहा."

"माझी नऊ मिनिटंही लिहा," ऑपरेटर म्हणाली. "हिरवं बघून मी विचारलं नाही."

"आणि ज्या केंद्रावर राखणीला गेलो तिथला दिवा काय सांगतो, हे मी विचारलं नाही," दादा म्हणाला.

"माहीत असून मी बोललो नाही," नवरा म्हणाला.

पेन्सिलबाई पेन्सिलीला टोक काढत राहिल्या. टोक केव्हाच झालं होतं. लाकडाच्या सालीवर साली पडत होत्या.

"तीस वर्षं चौकशा करते आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "दोष दुसऱ्यावर ढकलणारे रोज बघते. तो स्वतःकडे ओढून घ्यायला लागलेली रांग पहिल्यांदाच बघते." त्यांनी दुपट्यावरच्या काळ्या गोलावर बोट ठेवलं. "आणि एका मुलीच्या झोपेसाठी आख्ख्या केंद्राने तीन महिने श्वास धरून ठेवला. मला कळत नाही यावर रागावू की काय करू. पण चौथ्या मजल्यावर एक बाई होती. तिच्या एकवीस मिनिटांचा हिशेब मला द्यावाच लागेल."

तो त्यांनी दिला. दादा सुटला. ऑपरेटरला ताकीद. काकांचे शेवटचे सहा महिने गेले, दिवा विझवल्याबद्दल. सगळ्या केंद्रांवर दिव्याचा अर्थ एक झाला, आणि राखणीला गेलेल्या बंबाने पोचल्याबरोबर एकदा घंटा वाजवून बघायची असा नियम झाला. घंटा दाबल्यावर मिनिटभरात 'निघालो' ऐकू आलं नाही तर हिरव्याला विचारायचं, असाही.

७

मास्तरीणबाई आठव्या दिवशी शुद्धीवर आल्या. आवाज मात्र परत आला नाही. मी रुग्णालयात जाऊन त्यांना सगळं सांगितलं, वही दाखवली, दुपटंही. वाटलं, हाकलून देतील. त्यांनी पाटी मागितली आणि शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'पोरगी आता झोपते का?'

झोपते. पहिले काही दिवस छताला लागली. मग नुसती कूस बदलायला लागली. आता खाली परातीएवढी घंटा घणघणते, भांडी कुजबुजतात, बंब निघतात, आणि ती गाल उशीत खुपसून पडलेली असते. मी खिडकीत उभी राहते. कुठेतरी कडेच्या केंद्रावरून एखादा दिवा आमच्या बाजूला सरकायला लागला असेल, असं वाटतं आणि हात आपोआप जोडले जातात.

काका आता सकाळी मास्तरीणबाईंकडे दूध पोचवतात. मी चार वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजावर दोन ठोके मारते. पलीकडून, हिरव्या पडद्याच्या खिडकीतून, दोन आले, की ठीक. एकदा आले नाहीत, तर मी ठमीला काखेत घेऊन चार मजले धावत गेले. त्या पलीकडच्या बाजूच्या गॅलरीत झाडांना पाणी घालत होत्या. मला बघून हसत सुटल्या, आवाज न करता.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्याकडे आत्ता शांतता असणार. भिंतीपलीकडे, वरच्या मजल्यावर, कुणीतरी एकटं राहत असेल. सकाळपासून त्यांचं दार वाजलेलं ऐकलं का? आठवत नाही ना? मग पुस्तक पालथं ठेवा, जिना चढा, आणि त्यांना एकदा बघून या.